अक्कांचा हात आणि माझा उतलेला बिब्बा

सासरी चुलीवरच्या कोनाड्यात पत्र्याचा एक डबा असायचा, त्यात बिब्बे. ज्यांनी बिब्बा पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, हे रानातल्या झाडाचं फळ, काळं आणि चपटं. सुईला टोचून दिव्यावर धरलं की त्यातून काळं तेल सुटतं. पायात काटा मोडला, थंडीत टाचांना भेगा पडल्या, की त्या तेलाचा चटका द्यायचा. तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून काळ्या दोऱ्यात ओवून पाळण्याला बांधायचा तोही बिब्बाच. एरंडोलजवळच्या त्या गावात निम्मं डॉक्टरीचं काम हा डबा करत असे.

डब्याचा ताबा सासूबाईंकडे. गाव त्यांना अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणायची. बाई कमी बोलणारी, कामाला वाघ. गल्लीतल्या बायका टाच पुढे करून आमच्या ओट्यावर बसत आणि अक्का एकेकीला चटके देत. बोटं तेलानं काळी होत, पण त्यांच्या हाताला कधी साधी खाज सुटल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. माझे पती जळगावला तेलगिरणीत कामाला होते, आठवड्यानं घरी येत. त्यामुळे घरात मी आणि अक्का दोघीच, आणि खरं सांगायचं तर लग्नाच्या पहिल्या वर्षी मला त्यांची जरा भीतीच वाटायची.

मी कापूस वेचायला गेले होते तेव्हा बांधावरच्या बाभळीचा काटा पायात मोडला. अक्कांनी काटा काढला, बिब्बा लावला. मी बोंबलले भरपूर, कारण मी धुळ्याची, बारावी शिकलेली, लाडात वाढलेली. पण झालं काहीच नाही. पाय छान बरा झाला आणि मलाही त्या डब्याबद्दल आदर वाटू लागला.

म्हणून थंडीत टाचा फुटल्या तेव्हा मी आपणहून अक्कांपुढे जाऊन बसले. या वेळी मात्र एक-दोन दिवसांत पाय सुजला, फोड आले, अंगाची आग झाली. खाजवलेले हात तसेच तोंडाला लावले असणार, कारण सकाळी उठले तर डोळे उघडेनात. आरसा पाहिला आणि रडायलाच लागले. ओठ, पापण्या, गाल, सगळं फुगून एक झालेलं.

‘‘बिब्बा उतना माय,’’ अक्का एवढंच म्हणाल्या. बिब्बा एखाद्याला उततो, म्हणजे असा अंगावर फुटून येतो, हे त्यांना ऐकून ठाऊक होतं, पण त्यांच्या घरात आजवर कुणाला उतला नव्हता. खोबरं आणि तीळ वाटून त्या दिवसभर माझ्या तोंडाला लेप लावत बसल्या. मी चिडून त्यांचा हात दोनदा झटकला. त्या पुन्हा लावायच्या.

तो काळ असा होता की वर्तमानपत्र उघडलं की कुठल्या तरी सुनेची बातमी असायचीच. सुजलेल्या तोंडाची नवी सून ओट्यावर दिसली, मग गल्लीला आणखी काय हवं? एरंडोलच्या बाजाराला आलेल्या कुणी ओळखीच्यानं ते धुळ्याला पोहोचवलं आणि दुसऱ्या दिवशी माझे वडील दारात हजर. आम्ही त्यांना नाना म्हणायचो. धुळ्यातल्या एका शाळेत हेडक्लार्क, शिस्तीचे, आवाज न चढवणारे. माझं तोंड पाहून मात्र त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली.

‘‘कोणी मारलं तुला?’’

‘‘नाना, कोणी नाही. बिब्बा उतला.’’

‘‘बिब्बा कुठे लावला होता?’’

‘‘पायाला.’’

‘‘आणि सुजलं तोंड?’’ नाना माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते की मला कळून चुकलं, मी काहीही सांगितलं तरी त्यांना ते घाबरून बोलल्यासारखंच वाटणार.

अक्का उठल्या. आत गेल्या, डबा आणला, दिवा लावला. बिब्बा सुईवर धरला आणि तेलाची ठसठशीत रेघ स्वतःच्या मनगटावर ओढली. ‘‘हाऊच बिब्बा लावा, याही, दुसरं काहीच नही. आमना घरमा बठ्ठासले लावतस.’’

हाच बिब्बा, आणि घरात सगळ्यांनाच लावतात. बिचाऱ्यांना वाटलं, यापेक्षा मोठा पुरावा तो कोणता? नानांनी थोडा वेळ त्या मनगटाकडे पाहिलं. मनगट जसंच्या तसं.

‘‘तुम्हाला तर काहीच झालं नाही, अक्का. मग एकाच वस्तूनं हिचीच ही दशा कशी होईल?’’

 अक्कांनी दिलेली साक्ष त्यांच्यावरच उलटली होती. मग नानांनी बाही वर केली आणि हात पुढे धरला. ‘‘लावा मला.’’ अक्का मागे सरकल्या. व्याह्यांना चटका कसा द्यायचा? तेव्हा नानांनी स्वतःच सुई उचलली आणि मनगटावर तशीच रेघ ओढली. मी चहा केला. चहा होईपर्यंत तिघंही त्या हाताकडे पाहत होतो. काहीही झालं नाही.

‘‘चल,’’ नाना म्हणाले.

मी निघाले. करणार काय? अक्कांनी वाटलेलं खोबरं डब्यात भरून माझ्या पिशवीत ठेवलं. एसटी येईपर्यंत त्या फाट्यावर उन्हात उभ्या होत्या. नाना तिकिटाचे सुटे पैसे शोधत पुढे गेले तेव्हा हळूच म्हणाल्या, ‘‘तू येशी ना?’’ माझे ओठ इतके सुजले होते की नीट हो म्हणता आलं नाही, आणि नुसती मान हलवली ती त्यांनी पाहिली की नाही, देव जाणे. पारोळ्यापर्यंत मी रडत होते. माझ्या तोंडाची आग मी विसरले होते. माझ्यामुळे त्या बाईच्या कपाळी काय लागणार, ते मला दिसत होतं.

धुळ्याला नानांनी जाहीर केलं की मुलगी आता परत जाणार नाही.  एक दिवस गेला, दुसरा गेला. मग सकाळी न्हाणीघरातून नानांची हाक आली. त्यांचं मनगट लाल होऊन टरारलं होतं, रेघेच्या जागी फोडांची रांग होती, आणि शिस्तीचे आमचे नाना हात भिंतीला घासत उभे होते. आईनं एकदा त्यांच्या हाताकडे पाहिलं, एकदा माझ्या तोंडाकडे. ‘‘उन्हाळ्यात आंब्याच्या चिकानं एकट्या तुमचेच ओठ फुटतात,’’ ती म्हणाली, ‘‘बाकी घर आंबे खाऊन ढेकर देतं.’’

नाना जेवलेही नाहीत. दुपारच्या एसटीनं आम्ही दोघं एरंडोलला निघालो.

अक्का अंगणात कापूस निवडत होत्या. नानांनी हाताला गुंडाळलेलं फडकं सोडलं आणि हात पुढे केला. ‘‘अक्का, मी चुकलो. मला माफ करा.’’ अक्कांनी तो हात पाहिला आणि त्यांचे डोळे भरून आले. मग उठून खोबरं वाटायला बसल्या. लेप लावताना म्हणाल्या, ‘‘बाप बी असाच शे.’’ आणि हसल्या. त्या बाईला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि त्या दिवसापासून ते घर माझं झालं.

पुढे जळगावच्या एका त्वचेच्या डॉक्टरांना मी नानांचाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, आंबा, काजू, बिब्बा एकाच कुळातले. पहिल्यांदा शरीर नुसती ओळख करून घेतं, म्हणून काट्याच्या वेळी काही झालं नाही. दुसऱ्यांदा ते ओळखतं आणि भांडायला उठतं. नानांच्या शरीरानं ती ओळख आंब्याच्या चिकावरून करून ठेवली असेल. आणि भांडण पेटायलाही वेळ लागतो. चहा उकळेपर्यंत वाट पाहून काय कळणार? मग अक्कांचं काय? ते म्हणाले, कोणाचं शरीर कशाशी भांडेल हे थोडं जन्मतः ठरतं, थोडं आयुष्यात काय काय वाट्याला आलं त्यावर, आणि बरंचसं अजून नीट कळलेलं नाही. मला ते उत्तर आवडलं. निदान त्यात कोणाचा दोष नव्हता.

माझी मुलगी धुळ्याला जन्मली. बारशाला अक्का आल्या, कमरेच्या पिशवीत काळा दोरा. पाळण्याला बिब्बा बांधल्याशिवाय त्या राहणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. नानांनी तर आपला हात पाठीमागे लपवला. अक्कांनी दोरा सोडला, तर त्यात ओवलेला होता एक चिंचोका, काजळानं काळा केलेला.

‘‘नजरले काय समजस, बिब्बा शे का चिचोका शे!’’

सगळे हसले. मी बाळाला त्यांच्याकडे द्यायला गेले, तर त्या मोरीकडे वळल्या आणि साबणानं हात धुऊ लागल्या. धुतले, पुन्हा धुतले, कोपरापर्यंत घासले.

‘‘अक्का, आज बिब्ब्याला हात लावला होता का?’’

‘‘वरीस व्हयनं, डबाच फेकी दिन्हा.’’

‘‘मग एवढं कशाला घासताय?’’

त्यांनी ओले हात समोर धरले, उलटसुलट करून पाहिले.

‘‘मना हातले काहीच व्हत नही ना माय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तेनंच भ्याव वाटस.’’