ॲपच्या नावावर

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला सांगतेय — पण समजून घेतल्यासारखी मान डोलवू नका. तसल्या समजूतदारपणाची मला आता चीड येते. माझ्याकडे तो भरपूर होता.

वंदना आणि मी एका विमा कंपनीत नोकरी लागल्यापासून शेजारी बसतो. ती परळच्या चाळीत वाढलेली, बौद्ध. मी शिवाजी पार्कची. माझ्या बाळंतपणात पहिली धावून आली ती वंदना. भीमजयंतीला मी तिच्याकडे जेवायचे आणि घरी येऊन ते कौतुकाने सांगायचे. कौतुक कसलं? इतरांकडे जेवून आले की सांगत होते का कधी?

तिची चाळ पुनर्विकासाला गेली. माझ्या आईच्या पश्चात आमचं पार्कामागचं घर रिकामंच होतं.

"अलका, मला दे ना भाड्याने. लेकीला कॉलेज जवळ पडेल."

"अगं, विचारतेस काय!" मी म्हणाले. लगेच. हसून.

मग त्या घरात जाऊन उभी राहिले. आईचा ओटा, आईचं देवघर — तिथे वंदना वावरणार? मला ते नको वाटलं. शेजारी काय म्हणतील, असं मनाशी म्हटलं. शेजाऱ्यांना मी विचारलंच नव्हतं. कुणाच्या माथी मारू? ते माझंच होतं.

भाडेकरू तपासणारं एक ॲप होतं. कागदपत्रं टाकायची, कृत्रिम बुद्धिमत्ता सगळं पडताळते, निकाल फक्त घरमालकाच्या फोनवर येतो. असली ॲप्स आडनाव आणि चाळीचा पत्ता बघून माणसं गाळतात, अशी ओरड होतीच. मला ती सोयीची वाटली. मशीन नाही म्हणेल, माझे हात स्वच्छ राहतील. "फक्त फॉर्मॅलिटी गं," मी वंदनाला म्हणाले.

मशीनने हिरवी खूण दिली. योग्य भाडेकरू.

आणि मी तिला फोन करून सांगितलं — ॲपने नाकारलं. कारणसुद्धा देत नाहीत मेले. घरात दादाचाही वाटा आहे, तो ॲपबाहेर जाणार नाही, हेही ठोकून दिलं. "तू कशाला वाईट वाटून घेतेस?" तिनेच माझी समजूत काढली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरलेही असते. सहज. पण वंदना गप्प बसणारी नव्हती. दादरला एका सभेत ती बोलायला उभी राहिली — यंत्रं आपल्याकडून जात कशी शिकतात, यावर. कुठे चेहरा बघून पोलीस मागे लागतात, कुठे नाव बघून नोकरी नाकारतात, जगभर हेच चाललंय, म्हणाली. खोटं काय होतं त्यात? फक्त तिची स्वतःची गोष्ट. ती मी दिलेली.

"तुम्ही निकाल पाहिलाय?" कुणीतरी विचारलं.

"माझ्या मैत्रिणीने पाहिलाय. ती इथेच बसलीय."

मी उठले. "हो," म्हणाले, "मी पाहिलाय. नाकारलं होतं." टाळ्या पडल्या — माझ्यासाठी!

भाषणाचा व्हिडिओ फिरला आणि ॲपच्या कंपनीने नोंद बाहेर काढली: अर्ज मंजूर. मग काय, लोक तुटून पडले. खोटारडी. यांना सगळीकडे जातच दिसते. तिच्या लेकीला कॉलेजात ऐकवलं. ज्यांना मशीनने खरोखर गाळलं होतं, त्यांनाही विचारायला लागले — तुमचंही त्या बाईसारखंच ना? माझ्याबद्दल एवढंच लिहिलं गेलं, की बिचारीला भरीस घातलं असेल. बिचारी! आडनाव कामी आलं. माझं एक वाक्य पुरलं असतं. सगळं वाचत बसले, आणि ते वाक्य लिहिलं नाही.

आईचं घर मग एका जोडप्याला दिलं. त्यांना ॲप लावलं नाही. तिथेही आडनावच पुरलं.

वंदना आजही म्हणते, कंपनीने नोंद बदलली. परवा जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी तिला टोचलं, "तुझ्या मैत्रिणीचीच बघण्यात चूक झाली असेल."

ती भडकली. "अलकाने डोळ्यांनी पाहिलंय. ती खोटं बोलणार नाही."

मी डब्यातली भाजी तिच्याकडे सरकवली. तिने वाढून घेतली.