मिशीआडचे प्रश्न

गल्लीत तिला दुर्बीण म्हणत, कारण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती टक लावून बघायची. लहानपणी तापात दोन्ही कान गेले आणि बापाच्या केशकर्तनालयातल्या बाकावर बसून तिनं ओठ वाचणं शिकून घेतलं. गिऱ्हाईक खुर्चीत बडबडायचं, ही समोरच्या आरशातून वाचायची. गालभर साबण असला तरी ओठ उघडे असले की हिचं भागायचं. कोण सासऱ्याला शिव्या घालतो, कोण बायकोला टरकतो, सगळी बित्तंबातमी. बाप म्हणायचा, "बये, बाहेर ब्र काढू नकोस, धंदा बसेल माझा."

अशी पोरगी विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला पोचली आणि अडली कशापाशी, तर एका मिशीपाशी.

विषय शिकवणाऱ्या मास्तरांची मिशी म्हणजे छपराची वळचण. वरचा ओठ कुणी पाहिला नव्हता. त्यात बोलायचे फळ्याकडे तोंड करून. अपंग विद्यार्थ्यांच्या मदत कक्षातल्या मॅडमनी त्यांना विनंती केली, वर्गाकडे बघून बोला. मास्तर वर्गाकडे वळले आणि ओरडायला लागले. बहिऱ्यापुढे माणसं हटकून हेच करतात. ओरडलं की तोंड वेडंवाकडं होतं, वाचता येत होतं तेही जातं. ती म्हणाली, "सर, हळू बोललात तर बरं पडेल."

"घ्या," मास्तर वर्गाला म्हणाले, "बहिरी म्हणते, हळू बोला."

वर्ग हसला. हसणं कळायला कान लागत नाहीत.

बापाला कळलं तेव्हा तो वस्तऱ्याला धार लावत होता. "फुकट कापून देतो म्हणावं. घरी येऊन."

"आण्णा, मिशी राहू दे त्यांची. मला प्रश्न कळले म्हणजे झालं."

मग कक्षानं ठरवून दिलं की तोंडी परीक्षेत तिला प्रश्न लिहून द्यायचे. त्या परीक्षेत नापास म्हणजे वर्ष गेलं, आणि वर्षाबरोबर रोपवाटिकेतली ठरलेली नोकरीही.

परीक्षेला टेबलामागे मास्तर आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई. मास्तरांनी काचेच्या बरणीतलं रोप पुढे सरकवलं. मिशी हलली.

"सर, लिहून द्यायचं ठरलंय."

मिशी पुन्हा हलली. मानेच्या शिरा टरारल्या. तिनं अंदाज बांधला आणि पानांबद्दल बोलत सुटली. प्रश्न मुळांचा होता. मास्तरांनी शून्य मांडलं आणि बाईंकडे बघून मिशीत हसले.

ती उठली, फळ्याखालचा खडू आणून त्यांच्यासमोर ठेवला.

"एकीला लिहून दिलं तर बाकीच्यांवर अन्याय होतो," मास्तर बाईंना म्हणाले. बाईंनी ते तसंच्या तसं तिच्याकडे तोंड करून सांगितलं.

दया फुकट वाटायला सगळ्यांचा हात सैल. खडू उचला म्हटलं की त्याच हाताला लकवा मारतो.

"बाकीच्यांना प्रश्न कळतो, सर. मला मिशी दिसते."

मास्तर असे काही गरजले की दारातून शिपाई डोकावला. "साहेब, पुढच्याला पाठवू का?"

ती खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेऊन. "तुम्ही ओरडताय हे व्हरांड्यात सगळ्यांना कळलं. प्रश्न अजून मला कळलेला नाही. तो कळेपर्यंत मी हलत नाही."

व्हरांड्यात ताटकळलेली पोरं कुरकुरायला लागली. शेवटी बाई उठल्या. मायाबिया काही नाही, त्यांना परतीची गाडी गाठायची होती. "द्या इकडे," म्हणून खडू घेतला, मास्तरांचं शून्य खोडलं आणि पहिला प्रश्न फळ्यावर लिहिला.

तिनं उत्तर दिलं. दुसऱ्याचं दिलं. आपला आवाज किती चढलाय हे तिला कळत नव्हतं आणि त्या दिवशी फिकीरही नव्हती. बाईंनी गुण मांडले, पास म्हणून मान हलवली.

मास्तर खुर्चीत रेलले. मिशी हलली. शाबासकी असेल, शिवीही असेल.

तिनं खडू उचलून त्यांच्यापुढे धरला.

"लिहा," ती म्हणाली, आणि उभी राहिली.