दोन विमे आणि आईचं नेहमीचं दुखणं

आईला कुठेही दुखलं तरी तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "काही नाही, हे तर नेहमीचंच आहे." ताप आला तरी नेहमीचंच, पाय मुरगळला तरी नेहमीचंच. आपल्यापायी कोणी कामाला दांडी मारू नये, एवढाच त्याचा अर्थ. जबलपुरातल्या अधारतालच्या आमच्या घरात तो सगळ्यांना कळायचा. विमा कंपन्या काही आमच्या घरात वाढलेल्या नव्हत्या.

अमेरिकेतल्या धाकट्या भावाच्या बायकोचं बाळंतपण होतं, म्हणून आई तिकडे जायला निघाली. मी आमच्याच शहरातल्या गोरखपूर भागातल्या एका एजंटकडून तिचा प्रवासाचा वैद्यकीय विमा काढला. भावाने मला न विचारता तिकडच्या कंपनीचा, पाहुण्यांसाठी असतो तसला, दुसरा काढला. त्यावरून फोनवर आमचं थोडं वाजलंही, कारण आईची काळजी कोणाला जास्त, ही आमची जुनी चढाओढ. एजंट मात्र खूश होता. "दो-दो हैं दीदी, फिर काहे की चिंता?" म्हणाला. आई तर शेजारणींना सांगत सुटली, की माझ्या पोरांनी माझे दोन-दोन विमे काढले.

तिथे एका दुपारी जेवल्यावर तिच्या पोटात अशी कळ उठली, की ती ओट्याला धरून खालीच बसली. अशी कळ तिला आयुष्यात कधी आली नव्हती. भावाने तिला दवाखान्यात नेलं आणि तो गाडी लावायला गेला. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून डॉक्टरांनी फोनवर हिंदी बोलणारी दुभाषी बाई जोडून दिली. त्रास कधीपासून आहे, असं तिने विचारलं. एवढी माणसं आपल्यासाठी खोळंबलेली पाहून आई संकोचली.

"कुछ नहीं जी," ती म्हणाली, "ये तो हमेशा का है."

बाईने ते शब्दाला शब्द इंग्रजीत सांगितलं आणि डॉक्टरांनी तसंच लिहून घेतलं.

पित्ताशयात खडे निघाले. इंजेक्शनाने कळ थांबली. आज जिवाला धोका नाही, पण ऑपरेशन लांबवू नका, असं सांगून त्यांनी तिला घरी पाठवलं. तिथला खर्च भावाच्या आवाक्याबाहेरचा, त्यामुळे विम्याच्या मंजुरीशिवाय घोडं पुढे जाईना. मग टोलवाटोलवी सुरू झाली. माझी कंपनी म्हणाली, दुसरा विमा आहे ना, आधी त्यांना विचारा. दुसरी म्हणाली, पहिल्यांचा निर्णय आणा, मग बघू. आम्ही दोघं फोनला चिकटून होतो आणि आई तिकडे पातळ भातावर दिवस काढत होती.

शेवटी माझ्या कंपनीने डॉक्टरांची नोंद वाचली. दुखणं जुनं आहे, जुन्या दुखण्याला हा विमा लागू नाही, म्हणून त्यांनी हात वर केले. दुसरीने वाचायचेही कष्ट घेतले नाहीत. पहिलीचा नकार मागवून घेतला आणि तोच आपला म्हणून धाडला. दोन विम्यांचा आम्हाला एवढाच फायदा झाला, की 'नाही' दोनदा ऐकायला मिळालं.

आमच्याकडच्या बायका असं बोलतातच, हे भावाने परोपरीने समजावून पाहिलं. तिकडून अगदी गोड आवाजात उत्तर आलं, की नोंदीत तसं नाही. त्या गोडव्याचा मला आजही संताप येतो. शिवीगाळ केली असती तर निदान भांडता आलं असतं.

नातीचं बारसं टाकून आई परत आली. विमानतळाबाहेर तिला चाकाच्या खुर्चीवरून आणलं तेव्हा तिचे डोळे पिवळे झाले होते. जबलपुरात ऑपरेशन झालं. पित्ताशय आतून सडत चाललं होतं, असं सर्जन म्हणाले. ती वाचली, पण अंगातली ताकद गेली ती गेलीच. भाऊ रोज फोन करतो. आम्ही दोघं हवापाण्याचं बोलतो.

परवा कूस बदलताना ती कण्हली. "आई, दुखून राहिलं का?" मी विचारलं.

आधी तिने माझ्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तूच सांग पोरी," ती हळूच म्हणाली, "काय म्हटलं म्हंजे चालते?"