ताम्हनात चालणारी कॉइल

सोमवार, सकाळचे नऊ वाजून वीस मिनिटे. मामाच्या पंपाची जळलेली मोटर घेऊन मी किन्हवलीच्या स्टँडसमोर मोटर दुरुस्तीचे एक दुकान उघडण्याची वाट पाहत होतो. दुकानाचे मालक नामदेवभाऊ यांची आणि माझी ओळख तेव्हाची. मी अकरावी अर्धवट सोडलेली. भाऊंनी माझे अक्षर पाहिले आणि दुकानातली मापांची वही माझ्याकडे दिली. ती अजून माझ्याकडेच आहे.

जळलेल्या मोटरींत नवी तार भरण्यात भाऊंची हयात गेली; पण गेली काही वर्षे त्यांचे मन बिनतारी चार्जिंगमध्ये आहे. तारेच्या एका वेटोळ्यात, म्हणजे कॉइलमध्ये, वेगाने उलटसुलट होणारा प्रवाह सोडला, की समोरच्या कॉइलमध्ये वीज उमटते. अंतर वाढले की ती झपाट्याने घटते, म्हणून भाऊ फट मिलिमीटरने मोजतात. जाड तारेऐवजी केसासारख्या बारीक तारा खिळ्याला बांधून, ड्रिलने पीळ घालून वापरतात. पहिली चाचणी मात्र पालथ्या हाताने. जे तापले त्याने वीज खाल्ली, असे ते सांगतात.

उंबरमाळीच्या बायजामावशींना कानाच्या मशीनशिवाय ऐकू येत नाही. हात थरथरतात, त्यामुळे चार्जरची पिन बसत नसे आणि मशीन बंद पडे. त्या घरी एकट्या असतात. चार्जिंगची सोय झाली नाही तर आईला कल्याणला नेणार, असे मुलाने ठरवले होते. मावशींना घर सोडायचे नव्हते. भाऊंनी मशीनच्या पाठीला एक कॉइल लावली आणि दुसरी लाकडी वाटीत बसवली. मशीन वाटीत ठेवले की चार्जिंग सुरू.

दुकानात सगळे ठीक चालले. आठवड्याने मुलाचा फोन आला, मशीन बंद आहे. आम्ही गेलो तर वाटी देवाजवळच्या तांब्याच्या ताम्हनात. एवढी मोलाची वस्तू मावशी उघड्यावर कशी ठेवणार? भाऊंनी पालथा हात लावला. ताम्हन गरम, मशीन थंड.

वाटीच्या बुडाला मी चिठ्ठी चिकटवली होती : धातूच्या पृष्ठभागावर ठेवू नये. भाऊंनी ती वाचली.

"अक्षर मोत्यासारखं हाय रे. पन मावशी शाळेत गेली नाय."

मुलगा म्हणाला, "भाऊ, आता ऱ्हाऊ द्या. रविवारी मी आईला घेऊन जातो."

मावशींना यातले काही ऐकू येत नव्हते. त्या आमच्यासाठी चहा गाळत होत्या.

मी हळूच सुचवले, ताम्हनाऐवजी पाट ठेवू. भाऊंनी मान हलवली.

"ती तिथंच ठेवनार. जागा तिची, कॉइल आपली."

त्यांनी मुलाकडून रविवारपर्यंतची मुदत मागून घेतली. कॉइलखाली फेराइटची काळी, ठिसूळ चकती बसवली, म्हणजे चुंबकीय क्षेत्र तांब्यात न शिरता वरच्या वर वळते. त्याने दोन कॉइलींचा आपसातला मेळ बिघडला. कपॅसिटर बदलून तो पुन्हा जुळवावा लागला. तीन दिवस आम्ही प्रत्येक माप दुकानात ताम्हन ठेवूनच घेतले. चूक माझी होती, जागा न पाहता चिठ्ठी लिहिण्याची. त्या चुकीचा उच्चार भाऊंनी त्या दिवसानंतर आजवर केलेला नाही. शनिवारी मावशींनी मशीन ताम्हनातल्या वाटीत ठेवले. दोन तासांनी भाऊंनी हात लावला. ताम्हन थंड होते, मशीन कोमट.

मावशी आजही उंबरमाळीतच आहेत. परवा मी त्यांच्या वाटीची मापे घ्यायला गेलो, तेव्हा त्यांनी भाऊंचे वय विचारले. पंच्याहत्तर म्हटल्यावर म्हणाल्या, "मंग त्याला सांग, अजून वीस वरसं तरी यायचं. माजं मशीन दुसरं कोन बघनार?"

भाऊ, आपल्या पंच्याहत्तरीनिमित्त एवढेच मागणे : मावशींनी घातलेली ही मुदतही तोकडी पडावी, इतके निरोगी आयुष्य आपल्याला लाभो.