वटारच्या बावखलातला मासा

वसई तालुक्यातला गोड्या पाण्यातला एखादा मासा माझ्या वडिलांच्या एका मित्राच्या नकळत जन्माला आला असेल, हे मला आजही शास्त्रीयदृष्ट्या अशक्य वाटते. टपाल खात्यातून निवृत्त झालेले हे काका माणिकपूरला आमच्या खालच्या मजल्यावर राहत आणि कोणता मासा कुठे सापडला याची वही ठेवत. माशांचे पत्तेही ते टपालाच्या शिस्तीने लिहीत: 'शिंगटी. गोखिवरे, गिरणीमागचा ओढा, मोरीच्या डाव्या हाताला.' बाजारात मरळ विकणाऱ्या मावशीला त्यांनी भाव कधी विचारला नाही. आधी माशाचे गाव विचारले. "काका, मासा घ्यायचाय की त्याची सोयरीक जमवायचीय?" ती खेकसे. काकांच्या भाचीच्या लग्नात नवरीला मांडवात आणायची वेळ झाली, तेव्हा हे मामाच बेपत्ता. सापडले ते कार्यालयामागच्या विहिरीपाशी, दोरीला चहाची गाळणी बांधून पाण्यात सोडताना.

मात्र नियम कडक होता. ऐकीव नोंद पेन्सिलीने, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेली शाईने. मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असताना नेमकी एक पेन्सिलीची नोंद मला हवी होती: कपाळावर रुपेरी ठिपका असलेला बोटभर मासा, वटारच्या एका बावखलात. तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातून त्याची दुसरी नोंद आमच्या माहितीत नव्हती. ती पक्की झाली असती, तर माझा अहवाल वर्गात उठून दिसला असता.

"काका, करा ना ती शाईत."

"मी पाहिलाय कुठे?"

म्हणून आम्ही दोघे वटारला गेलो. बावखल म्हणजे वाडी शिंपण्यासाठी खणलेले जुने तळे. वाडीच्या मालकीणबाई, एक आजी, कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बसा, पन पानी ढवळू नका हां! मासा काय देव हाय, दर्शनाला बसायला?"

दोन तासांनी शेवाळाच्या कडेला काहीतरी चमकले. "काका, तो बघा!" मी ओरडले. काकांनी चष्मा पुसला, वाकून पाहिले, पुन्हा पुसला. डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागल्याचे त्यांनी घरी कुणाला सांगितले नव्हते.

"मला नाही दिसला," ते म्हणाले. "तू पाहिलास ना? मग तू लिही." आणि त्यांनी वही व शाईचे पेन माझ्या हातात दिले. त्या वहीत तोवर दुसऱ्या कुणाचे अक्षर उमटले नव्हते.

चमकला तो ठिपका होता की पाण्यावरचे ऊन? मला खात्री नव्हती. पेन हातात येईपर्यंत मात्र ती होती. मी तारीख घातली आणि लिहिले: 'दिसला नाही.' काकांनी वही नाकाशी धरून ती ओळ वाचली. मग आजींना विचारले, "पुढच्या रविवारी आलो तर चालेल?"

अहवालात वटारची जागा रिकामी राहिली. पुढे नोकरीसाठी मी पुण्याला गेले. काका गेल्यावर काकूंनी ती वही माझ्याकडे पाठवली. वटारच्या पानावर माझ्या ओळीखाली अकरा रविवारांच्या तारखा आहेत आणि प्रत्येकीपुढे तेच दोन शब्द. अक्षर मात्र ओळीगणिक मोठे होत गेले आहे. शेवटच्या तारखेने अर्धे पान व्यापले आहे.