हौसाची पाठ

त्या काळी रत्नागिरीला येणं सोपं होतं, उतरणं कठीण. मुंबईला सकाळी आगबोटीत बसावं, दिवसभर लिंबू चोखत किनारा बघावा, आणि दुपार कलता कलता भगवतीच्या किल्ल्याखाली बोटीने भोंगा द्यावा, इथवर सगळं झकास. किल्ल्याचा तांबडा कडा, खाली माडांची रांग, निळंशार पाणी. पहिल्यांदा येणारे पाहुणे कठड्याला टेकून वा वा करत. वा वा करून झालं की मग त्यांच्या लक्षात यायचं की बोट काही काठाला लागत नाही. ती लांब खोल पाण्यात उभी राहायची आणि धक्काच नसल्यामुळे किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, तिच्याकडे जायचे. झुलत्या शिडीवरून त्या पडावात उतरताना भल्याभल्यांना कुलदैवत आठवे. बरं, पडाव तरी पुळणीच्या वाळूला लागावा? तोही कमरेभर पाण्यात थांबायचा. शेवटची तीसेक पावलं माणसाच्या अंगावरूनच काढावी लागत. बाप्ये खलाशांच्या खांद्यावर, आणि बायका हौसाच्या पाठीवर.

हौसा खारव्याची, दर्यावर पोट असणाऱ्या जातीतली. तिचा नवरा दादू पडाव वल्हवायचा. अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत तो चार दिवसांत गेला, तेव्हा पदरात चार वर्षांची राही होती. बायका परक्या खलाशाच्या खांद्यावर बसायला लाजतात, कित्येक जणी तशाच पाण्यात उडी टाकतात आणि लुगड्यासकट भिजून रडत गावात जातात, हे हौसाने रोज पाहिलं होतं. एके दिवशी ती काष्टा घट्ट मारून पाण्यात शिरली आणि पडावाला पाठ लावून उभी राहिली. "बसा वैनी, मी बाईमाणूस हाय," म्हणाली. तेव्हापासून बंदरातली ती जागा तिची झाली. खलाशी सुरुवातीला हसले. नंतर तेच तिला हाक मारून बोलवायला लागले.

गावातल्या सोवळ्याच्या बायका तिच्या पाठीवरून उतरत आणि घरी जाऊन आधी आंघोळ करत. हौसाला ते माहीत होतं. "एवढ्या समुद्रानं न्हाऊ घातलानी ता पुरला नाय वाटतं," एवढंच ती म्हणे आणि पुढच्या बाईसाठी पाठ वाकवी. बोलायला ती फटकळ होती, पण तिने कुणाला पाण्यात सोडलं असं पंधरा वर्षांत एकदाही झालं नाही.

तिच्या कामाचे दोन कायदे होते. पहिला म्हणजे गळ्याला हात घट्ट घालायचे, लाज सोडून. दुसरा म्हणजे पाण्यात असताना एक अक्षर बोलायचं नाही. मागून येणारी लाट दिसत नसते, ती ऐकावी लागते, आणि कुणी कानाशी बडबडलं की ती ऐकू येत नाही. मामलेदारीणबाई असली तरी हौसा तिला गप्प बसवी. पाठीवरच्या बाईचं तोंड तिला कधी दिसत नसे. तिला कळायचं ते वजन. माहेरी आलेली आणि महिन्याने परत निघालेली बाई किती सुधारली हे तिच्या आईच्या आधी हौसाला समजे.

राही त्या पुळणीवरच मोठी झाली. एकोणतीस साली तिचं लग्न रघूशी झालं. तो परळला गिरणीत होता. नवरीला पडावात नेऊन बसवण्याचं काम हौसानेच केलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पुढे एकदा शिमग्याला राही येऊन गेली ती अंगाने चांगली भरलेली. हौसाने तिला पाठीवर घेतली आणि पाण्याबाहेर आल्यावर मोठ्याने सांगितलं, "मुंबयचं पाणी मानवलंनी गो माज्या पोरीला!" खलाशीसुद्धा हसले. त्यानंतर दोन वर्षं राही आली नाही.

तेहतीस सालच्या वैशाखात रघूचं पत्र आलं. तिकीटमास्तर हरिश्चंद्र यांनी ते वाचून दाखवलं. राहीची प्रकृती अलीकडे नरम असते, इथल्या हवेत बरं वाटत नाही, तरी बोटी बंद होण्याआधी सखारामच्या सोबतीने तिला धाडतो, सांभाळून घ्यावी, असा मजकूर. सखाराम हौसाच्याच वाडीतला, परळला रघूच्याच चाळीत राहणारा.

आता यात दुःखाची बातमी कुठे होती? किनाऱ्यावरच्या कुठल्याही आईने या पत्राचा एकच अर्थ लावला असता. पावसाचे चार महिने बोटी बंद. श्रावण-भाद्रपदात बाळंत होणारी पहिलटकरीण वैशाखातल्या शेवटच्या बोटींनीच माहेरी यायची. अशा डझनावारी लेकी हौसाने स्वतः उतरवून घेतल्या होत्या. आणि नवरा सासूला पत्रात याहून उघड लिहिणार तरी काय? हौसाने मास्तरांना पत्र पुन्हा वाचायला लावलं, घडी घालून कनवटीला लावलं आणि त्याच पावली बाजारात जाऊन डिंक आणि अळीव घेऊन आली.

पुढचे दहा दिवस ती जमिनीवर नव्हतीच. जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. पडवीच्या कोपऱ्याला आडोसा केला. ज्याला त्याला सांगून झालं. दोन जिवांच्या बाईला पाठीवर घेता येत नाही, पोट दाबतं. म्हणून तिने तिकीटमास्तरांची खुर्ची मागून आणली. विठू खलाशी तिच्या रोजच्या कामातला जोडीदार होता, त्याला बजावून ठेवलं, "ह्या टायमाला एका बाजूनं तू आनि एका बाजूनं मी. हिसका बसला तर तुजा मुडदा पाडीन." विठूने मान डोलावली. त्याला राहीचं तोंड ओळखता आलं नसतं. तो जयगडहून बंदरावर आला त्याला जेमतेम वर्ष झालं होतं.

बोट आली त्या दिवशी दक्षिणेचा वारा सुटला होता आणि पाणी गढूळलं होतं. अशा वाऱ्यात कप्तान फार वेळ थांबत नाही. पुळणीवर आंब्याच्या पेट्यांचे ढीग मुंबईच्या वाटेला लागलेले आणि उतारू उतरवायची एकच धांदल. हौसा सकाळपासून हिरवं लुगडं नेसून उभी होती. ओलं होईल म्हणून बायका ओरडल्या, तरी नेसली.

पहिला पडाव आला. तो थांबायच्या आत तिने पाण्यातून मान उंच करून सगळ्या बायका पाहून घेतल्या. पोटुशी एकही दिसली नाही. म्हणजे राही दुसऱ्या पडावात. सखाराम शहाणा, गर्दी ओसरू देत असेल.

"हौसा, हिला आदी घे गो," विठू पडावातून म्हणाला. "बाय आजारी हाय. दिसभर नुसती पडून व्हती म्हनतात."

डोक्यापासून पायापर्यंत चादर लपेटलेली कुणीतरी बाई फळीच्या कडेला आणून बसवली होती. हौसाने नेहमीसारखी पाठ लावली. दोन हात गळ्याभोवती आले. बाई पाठीवर आली तेव्हा हौसाला वाटलं, दहा-अकरा वर्षांची पोर असावी, नाहीतर वाळून गेलेली म्हातारी. वजनच नव्हतं. बरंच झालं, लवकर पोचवून परत येता येईल. ती झपाझप पाणी तोडत निघाली.

मध्यावर पाठीवरची बाई कानाशी काहीतरी पुटपुटली. मग खोकला आला, मग पुन्हा पुटपुटली.

"गप ऱ्हा," हौसा खेकसली. "पान्यात बोलायचा नाय. मागची लाट आयकू येत नाय मला."

बाई गप्प झाली. वाळूवर येताच हौसाने तिला आंब्याच्या पेट्यांच्या सावलीला टेकवून बसवलं. "बस हितं. तुजं मानूस येल आता," एवढं म्हणेपर्यंत तिची नजर दुसऱ्या पडावाकडे होती. ती वळली आणि पळत सुटली. पुढच्या दोन बायकांना तिने कशाबशा आणून टाकल्या. तिसरी म्हणाली, जरा हळू, तर तिलाही तिने दटावलं.

दुसरा पडाव लागला, तशी हौसा खुर्ची उचलून पाण्यात शिरली. सखाराम पत्र्याची ट्रंक छातीशी धरून उभा होता. त्याच्या आजूबाजूला सगळे बाप्येच. हौसा पाण्यातच थबकली.

"सखाराम, राही कुटं हाय रे? उतरली नाय का बोटीवरनं?"

"आगो, ती पैल्या पडावातनं आली की!" सखाराम म्हणाला. "आजारी बाईला आदी न्या म्हनून मीच धाडली म्होरं. तूच घेतलीस ना तिला? चादर व्हती बग आंगावर."

हौसाच्या हातात खुर्ची होती, ती तशीच पाण्यात पडली. लाटेने ती उचलून पडावावर आपटली. खुर्ची कुणाची, काय झालं तिचं, हौसाला काही कळलं नाही. ती पाण्यातून, वाळूतून, पेट्यांतून पडत-उठत धावली.

राही बसवली होती तिथेच बसली होती. चादर डोक्यावरून खाली आलेली. गालाची हाडं वर आलेली, डोळे खोल गेलेले, आणि त्या डोळ्यांनी ती आईकडे बघत होती. एकोणीस वर्षांची पोर. हौसाने तिच्यासमोर गुडघे टेकले.

"किती घाय करतस गो आये," राही म्हणाली आणि हसली.

पंधरा वर्षं जी बाई परक्यांच्या लेकीसुनांचं वजन ओळखत आली, तिने स्वतःची लेक पाठीवर घेतली, दटावली, आणि ओझं टाकावं तशी टाकून निघून गेली. दोष कुणाला द्यायचा? रघूला वाटलं, सासूला एकदम धक्का नको. सखारामला वाटलं, आपण शहाणपण केलं. आणि हौसाला तर नातवंडाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं. मला विचाराल तर दोष कुणाचाच नव्हता, आणि म्हणूनच ते दुःख इतकं वाईट होतं. शिव्या द्यायलाही माणूस नाही.

तिने राहीला पुढे दोन्ही हातांवर घेतलं आणि घाटीची चढण चढून मिरकरवाड्यातल्या घरी आणलं. वाटेत बायका दारात आल्या होत्या, त्या तशाच आत गेल्या. आडोशामागचा बिछाना तयारच होता. दुपटी कुणीतरी गुपचूप उचलून ठेवली.

गावातल्या डॉक्टरांनी छाती तपासली, बाहेर पडवीत येऊन हात धुतले आणि म्हणाले, "तिला जे आवडेल ते खायला घाला." हौसा निरक्षर होती, पण एवढं तिला वाचता येत होतं. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू बाळंतिणीसाठी होते, तेच तिने लेकीला भरवले. राही दोन घास घ्यायची आणि आईचं मन राहावं म्हणून "गोड झालाय" म्हणायची. कोळंबीचं सार मात्र ती एकदा वाटीभर प्यायली. त्या दिवशी हौसाने देवीपुढे नारळ फोडला.

बोटी बंद झाल्या. रघूला यायला आता देशावरून, घाटातून फिरून यावं लागलं असतं आणि गिरणीतून तेवढी रजा कोण देणार? घरात दोघीच होत्या. हौसा तिचे केस विंचरायची, अंग पुसायची, आणि रोज एकदा तरी विचारायची, "बाये, पान्यात तू काय म्हनत व्हतीस गो?"

"काय नाय," राही म्हणायची.

"मी हाय म्हनून सांगत व्हतीस ना? आये, मी राही, आसं?"

"काय नाय गो. मला आटवत नाय."

हौसाला ते काही पटत नव्हतं. आपण तिला गप्प केलं आणि तिचं नाव तिच्याच तोंडात अडकलं, हे तिच्या मनाने घेतलं होतं. जेवताना तेच, भांडी घासताना तेच. शेजारची गोदा समजूत घालायला आली, तर हौसा तिच्यावरच धावून गेली.

आल्यापासून सतराव्या दिवशी संध्याकाळी राहीला जरा हुशारी वाटली. हौसा उशाशी बसून होती. तिने पुन्हा तेच विचारलं.

 राही म्हणाली, "आये, तू मला वळाकलंस नाय हे मला ठावं व्हतं. तुला कुटनं कळनार? मी तुला वळाकलं व्हतं. तुज्या केसांचा वास यत व्हता."

"मग काय म्हनालीस?"

"सावकास चाल म्हनाले. मला आनिक वायच ऱ्हाऊंदे तुज्या पाटीवर."

 हौसा उठली, बिछान्याला पाठ करून बसली, पडावाला लावायची तशी. मागे हात नेऊन तिने राहीला कशीबशी उठवून पाठीशी टेकवली आणि तिचे दोन्ही हात आपल्या गळ्यात घेतले. "धर," म्हणाली. "घट्ट धर बाये. दारातल्या खळ्यात फिरवून आनतंय तुला. घाय नाय करायची."

पण पाठीवर बसायला माणसाच्या हातात थोडा तरी जोर लागतो. राहीचे हात गळ्यातून सुटले आणि खाली आले. हौसाने ते पुन्हा उचलून घेतले, ते पुन्हा सुटले. तिसऱ्यांदा तिने ते आपल्या छातीशी नुसते धरून ठेवले आणि राहीचं डोकं मानेवर टेकलेलं तशी न हलता बसून राहिली.

पाय बधिर झाले तरी ती उठली नाही. दिवा लावायला गोदा आली, तोवर राही गेली होती.