काकाची आडवी-तिडवी दोरी

माझ्या काकाला मी माफ केलेलं नाही. तो जाऊन कितीक वर्षं झाली, तरी नाही. त्याच्यावर मी सूड उगवला, आणि त्याचं मला काडीचं वाईट वाटत नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वडील गेले आणि महिना उलटायच्या आत त्यांच्या या धाकट्या भावाने आमच्या परड्याच्या खुंट्या नव्याने ठोकल्या. पिंगळीच्या ठेसनाजवळ आमचं परडं, दोन्ही अंगाला काकाचीच जागा, आणि आमच्या मागच्या कोपऱ्यात वडिलांनी खणलेला आड. काकाने पुढच्या खुंट्या होत्या तिथंच ठेवल्या, मागच्या दोन्हीकडून सारख्या आत घेतल्या. आड त्याच्याकडं गेला. आई गावातल्या चार जाणत्यांसमोर म्हणाली, "भावजी, मागं जागा कमी झालीया."

काकाने दोरी मागवली. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात आडवी ताणली, मग तशीच तिडवी ताणली. दोन्ही सारख्या भरल्या. आमच्याकडं घराचा पायाही असाच तपासत. "चौकोन सरळ असला की दोऱ्या सारख्या भरत्यात. भरल्या का न्हाई? दोरी काय खोटं बोलंल, वैनी?" जाणत्यांनी माना डोलावल्या. आई सगळ्यांत खोटी पडली. तेव्हापासून ती गावाबाहेरच्या विहिरीवरून पाणी आणायची, आणि काकू आमच्या आडावर म्हशी धुवायची. मी दात-ओठ खात बघायचो.

तेव्हा मी परभणीला शिकायला होतो. शाळा उर्दू, भूमितीसुद्धा उर्दूतच. मास्तर हैदराबादचे. ते म्हणायचे, 'अगर'च्या मागं असते ती शर्त, 'तो'च्या मागं येतो तो नतीजा. दोन्हींची अदलाबदल केली की झाला अक्स, आणि अक्स खरा निघेलच असं नाही. मी पिंगळीचा म्हणून त्यांनी मलाच उठवलं. "अगर गाडी मेल हो, तो पिंगळी पे नहीं रुकती. आज एक गाडी नहीं रुकी. मेल ही थी क्या?"

"नहीं साहब," मी म्हणालो, "मालगाडी भी नहीं रुकती."

मग त्यांनी फळ्यावर एक चौकोन काढला, खाली रुंद, वर निमुळता. आत दोन कर्ण ओढले, मापून सारखे दाखवले आणि विचारलं, हा आयत आहे का? मी बघतच राहिलो. फळ्यावर आमचं परडं होतं. आयत असला तर कर्ण सारखे, हे खरं. काका ते उलटं करून आमच्या गळी उतरवून बसला होता. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

गावात जाऊन हे सांगितलं असतं, तर एका पोराचं कोण ऐकणार होतं?

पुढच्या उन्हाळ्यात काकाने नवं घर काढलं. मला सुट्टी होतीच. "शिकायलास ना लय? ठोक पायाच्या खुंट्या," म्हणाला. मी ठोकल्या. पुढच्या दोन्ही हातभर बाहेर, मागच्या दोन्ही हातभर आत. पाया खणणारा गडी म्हणाला, "मालक, मागं कमी दिसायलंय." काकाने दोरी आडवी ताणली, तिडवी ताणली. "सारखी हाय. दोरी काय खोटं बोलंल?" मला हसू दाबणं जड गेलं.

मातीच्या भिंती उठल्या. पहिली तुळई चढवायच्या दिवशी नारळ फोडायला तेच जाणते आले. सागाच्या तुळया सगळ्या एका मापाच्या. मागच्या अंगाला भिंतींवर ठेवल्या तर बाहेर लोंबायला लागल्या, पुढच्या अंगाला या भिंतीवरून त्या भिंतीवर पोचेनात. काकाचा चेहरा उतरला.

मी सगळ्यांसमोर विचारलं, "काका, घर सरळ हाय का वाकडं?"

"वाकडं हाय, दिसंना का तुला?"

"पण दोऱ्या तर सारख्या भरल्या."

"दोऱ्या सारख्या भरल्या म्हणून घर सरळच असतंय व्हय रं?" काका खेकसला. बोलून गेला तो. जाणत्यांतला सगळ्यात म्हातारा उठला, आमच्या परड्याकडं बघत म्हणाला, "मग तुझ्या वैनीचं परडं पुन्यांदा मोजावं लागंल." यावेळी दोरी पुढच्या कडेला धरली, मग मागच्या कडेला धरली; मागची कड आखूड निघाली. संध्याकाळी आड आईच्या हद्दीत आला.

काकाला भिंती पाडून पुन्हा बांधायच्या होत्या. चिखल करायला पाणी लागतं. दुसऱ्या दिवशी तो घागर घेऊन परड्याच्या कडेला उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "वैनी, जरा आडावर येऊ का?"

आई पोहरा ओढत होती. तिने वरसुद्धा बघितलं नाही.

"गावाबाहेरच्या विहिरीला लय पाणी हाय, भावजी," ती म्हणाली. "वाट मला पाठ हाय. सांगू का?"